वॉरंटीतला फ्रिज 46 दिवस बंद, कंपनी म्हणते "पार्टच नाही". माझे हक्क काय?

भीमाकाठ | 27 मे 2025

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कारण पुढे काय करावं ते खरंच कळेनासं झालंय.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला सोलापुरातल्या एका मोठ्या दुकानातून 340 लिटरचा डबल डोअर फ्रिज घेतला. 38,500 रुपये, पक्कं बिल. पूर्ण फ्रिजला एक वर्ष आणि कंप्रेसरला दहा वर्षं वॉरंटी. 11 एप्रिलला सकाळी आईने दार उघडलं तर आतला दिवा लागतोय, पण बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी. त्याच दिवशी तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी माणूस आला, मागचं झाकण काढून मीटर लावला आणि म्हणाला, "कंप्रेसर गेलाय. मागवावा लागेल, आठ दिवस धरा."

आज 46 दिवस झाले. फोन केला की एकच उत्तर, "सर, पार्ट पेंडिंग आहे, 48 तासांत अपडेट येईल." मधल्या काळात दोनदा तक्रार आपोआप बंद झाली आणि "आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे" असा मेसेज आला. दोन्ही वेळा मी नव्याने नोंदवली.

दूध-भाजीचं कसंही निभावतं. अडचण आईच्या इन्सुलिनची आहे. न उघडलेली पेनं 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात आणि एप्रिलात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. म्हणून पेनं खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्रिजमध्ये, स्टीलच्या डब्यात, वर चिकटपट्टीवर आईचं नाव. चालू पेनही बाहेर ठेवायची भीती वाटते, म्हणून तेही तिथेच. रोज रात्री जेवणाआधी 71 वर्षांची आई कठड्याला धरून जिना उतरते, इंजेक्शन घेते आणि परत चढते. काकूंना लवकर झोपायची सवय, म्हणून आमची जेवणं आठलाच उरकतात. काकू एका शब्दाने बोलत नाहीत, पण आईला संकोच वाटतो आणि मला राग येतो.

काल सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथले साहेब म्हणाले, "जगभर शॉर्टेज आहे, आमच्या हातात काय आहे? वॉरंटी कार्डावर किती दिवसांत दुरुस्त करून देऊ असं लिहिलंय का, दाखवा."

कार्ड शब्द न् शब्द वाचलं. दिवसांचा आकडा खरंच कुठे नाही. मग त्यांचं बरोबर आहे का?

पाना_पक्कड | 27 मे 2025

दादा, मी 14 वर्षं फ्रिज-एसीच्या सर्व्हिसमध्ये आहे. कंपनीचं नाव घेत नाही, पण आतली पद्धत सांगतो.

तक्रार नोंदली की तिच्यावर दिवस मोजायला सुरुवात होते. ठरलेल्या दिवसांत कॉल, म्हणजे नोंदलेली तक्रार, बंद झाला नाही तर सेंटरचे पैसे कापले जातात. म्हणून काही ठिकाणी पार्ट आला नसतानाच कॉल बंद करतात आणि तुम्ही ओरडलात की नवा काढतात. नव्या कॉलवर दिवस पुन्हा शून्यापासून. वरच्या साहेबाला कॉम्प्युटरवर तुमची तक्रार चार दिवसांची दिसत असेल, 46 दिवसांची नाही.

म्हणून पहिल्या तक्रारीचा नंबर सोडू नका, प्रत्येक मेलमध्ये सगळ्यात वर तोच लिहा. दोन्ही वेळचे "निवारण झालं" मेसेज जपून ठेवा, कारण फ्रिज बंद असताना कॉल बंद केल्याचा तो त्यांच्याच हातचा पुरावा आहे. आणि काम झाल्यावर फोनवर जो कोड येतो, हॅपी कोड म्हणतात त्याला, तो फ्रिज गार झाल्याशिवाय कुणालाही सांगायचा नाही. "फक्त व्हिजिटची नोंद करायची आहे" असं म्हणून मागतात.

पहिल्या दिवशीच्या जॉब शीटची, म्हणजे मेकॅनिकने भरलेल्या कामाच्या कागदाची, प्रत आहे का? नसेल तर उद्याच मागा. त्यावर "कंप्रेसर निकामी, पार्ट उपलब्ध नाही" असं लिहून सही-शिक्का पाहिजे. बाहेरच्या मेकॅनिकला तोवर हात लावू देऊ नका, नाहीतर उद्या त्याच्यावरच ढकलतील.

जुनी_वही | 28 मे 2025

ग्राहक मंचात बरीच वर्षं वकिली केली, आता निवृत्त आहे. सर्व्हिस सेंटरच्या साहेबांचा प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तरही आहे.

भारतीय करार कायदा 1872, कलम 46. करारात एखादी गोष्ट किती दिवसांत करायची ते लिहिलेलं नसेल, तर ती वाजवी मुदतीत करावी लागते. आणि वाजवी मुदत कोणती, हे त्या त्या प्रकरणातल्या परिस्थितीवर ठरतं. म्हणजे कार्डावर आकडा नाही याचा अर्थ कंपनीला हवे तितके दिवस मिळाले असा होत नाही, उलट ती रिकामी जागा कायदा भरतो. पावसाळ्यात हेअर ड्रायर महिनाभर पडून राहणं आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत इन्सुलिन असलेल्या घरातला फ्रिज दीड महिना बंद असणं, यांना एकच माप लागत नाही. म्हणून तुमच्या पत्रात आईच्या औषधाचा मुद्दा दुसऱ्याच परिच्छेदात यायला हवा, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. इंग्रजी येत नसेल तर मराठीत लिहा, काही बिघडत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 इथे दोन ठिकाणी लागू पडतो. कलम 2(11) मध्ये सेवेतली त्रुटी म्हणजे काय ते सांगितलंय आणि त्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम न देणंही येतं. पार्ट कधी येणार ते माहीत असून रोज "48 तास" सांगत राहणं त्यात बसू शकतं. दुसरं कलम 2(47), अनुचित व्यापारी प्रथा. दुरुस्त करून देऊ किंवा बदलून देऊ असं वचन लोकांना द्यायचं, पण ते पाळलं जाण्याची वाजवी शक्यताच नसायची, हीसुद्धा अनुचित प्रथाच. हा मुद्दा कंपन्यांना जास्त झोंबतो.

कऱ्हाडकर | 28 मे 2025

मी छोटा डीलर आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. टंचाई हा नेहमीच बहाणा नसतो. 2021 मध्ये चिप मिळत नव्हत्या, त्या वर्षी माझ्याकडे वॉशिंग मशीनचे पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, महिनोन्महिने आले नाहीत. त्याच मार्चमध्ये सुएझ कालव्यात जहाज अडकलं. या एप्रिलपासून चीनने दुर्मिळ मृदाधातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आहे, त्याची झळ मोटारी बनवणाऱ्यांना बसतेय. गिऱ्हाईक शिव्या आम्हाला घालतं आणि वर कंपनी आमचाही फोन उचलत नाही.

मी दुकानात एक जुना 190 लिटरचा फ्रिज फक्त यासाठीच ठेवलाय. ज्याचा पार्ट अडकला त्याच्या घरी तो पोचवतो. भीमाकाठ, तुमच्या दुकानदाराकडे असं काही मागून बघा. इन्सुलिनचं सांगितल्यावर नाही म्हणणारा माणूस विरळा.

जुनी_वही | 28 मे 2025

कऱ्हाडकर, तुमच्यासारखे डीलर असते तर माझं निम्मं काम कमी झालं असतं.

टंचाई खरी असेलही, पण तिचा भार कुणी उचलायचा हा मुद्दा आहे. कंप्रेसर मिळत नाही म्हणून दुरुस्तीची वाट बंद झाली असं क्षणभर धरू. तरी नवा फ्रिज द्यायची वाट उघडी आहे, पैसे परत करायची वाट उघडी आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 39 खाली ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा ग्राहक मंच, दोष दूर करा, वस्तू बदलून द्या, किंमत व्याजासह परत करा, नुकसानभरपाई द्या, यातलं काहीही सांगू शकतो. पैसे परत करायला कंप्रेसर लागत नाही.

भीमाकाठ, एक काम करा. ज्या दुकानातून घेतलात तिथे जा आणि तुमचंच मॉडेल आजही विकायला आहे का ते पाहा.

भीमाकाठ | 29 मे 2025

जाऊन आलो.

तेच मॉडेल, तोच रंग, दुकानात अगदी दर्शनी जागेवर. वायर लावलेला, चालू. मी मागच्या बाजूला हात लावला तर पत्रा कोमट लागला, आतून कंप्रेसरची ती बारीक घरघर ऐकू येत होती. सेल्समन म्हणाला, "आज बुक केलात तर परवा घरपोच, गोडाऊनला आठ पीस आहेत." किंमत, मॉडेल नंबर आणि ऑफरच्या पाटीचा फोटो काढला. तारखेसकट येईल असा.

म्हणजे विकायला आठ कंप्रेसर आहेत आणि आईच्या फ्रिजसाठी एकही नाही. घरी येऊन बराच वेळ काही सुचलं नाही.

जुन्या फ्रिजबद्दल दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला "आमचा आता संबंध नाही, कंपनीशी बोला."

पाना_पक्कड | 29 मे 2025

हेच असतं दादा. माल कमी पडला की आधी कारखान्याची लाइन भरते, कारण नवा पीस विकला की पैसे येतात. सर्व्हिसला उरलंसुरलं मिळतं. हा फोटो तुमच्या फाइलमधला सगळ्यात मोठा कागद आहे.

जुनी_वही | 29 मे 2025

आता पत्र लिहा. दुकानदार आणि कंपनी, दोघांच्याही नावाने. दुकानदार "संबंध नाही" म्हणाला तरी त्याला वगळू नका. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गोव्यातल्या एका गाडीचं प्रकरण आलं होतं. डीलरने जुनी वापरलेली गाडी नवी म्हणून विकली होती. तिथे उत्पादक सुटला आणि जबाबदारी डीलरवर राहिली, कारण डीलरच्या कृत्यात उत्पादकाचा हात असल्याचं सिद्ध झालं नाही. कोण कधी सुटेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून दोघंही समोर हवेत.

पत्रात खरेदीची तारीख, पहिल्या तक्रारीचा नंबर, कोणत्या तारखेला कोण काय बोललं, खोट्या निवारणाचे दोन मेसेज, औषधाची अडचण आणि दुकानातला फोटो. शेवटी मागणी एकच आणि स्पष्ट: 15 दिवसांत त्याच क्षमतेचा नवा फ्रिज किंवा 38,500 रुपये परत. ईमेलही करा आणि पोस्टाने पोचपावतीसहही पाठवा. कायद्याने अशी नोटीस सक्तीची नाही, पण आयोगापुढे तुम्ही संधी दिली होती हे दिसतं.

दुपारचं_ऊन | 30 मे 2025

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. 38 हजारांच्या फ्रिजसाठी वकील, तारखा, सुट्ट्या. माझ्या मते 1915 वर फोन करा आणि मिळेल त्यावर मिटवा.

जुनी_वही | 30 मे 2025

1915 चा सल्ला उत्तम आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. त्यांना आदेश द्यायचा अधिकार नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या पातळीवर जाते आणि बऱ्याचदा तिथेच प्रश्न सुटतो. हे जरूर करा.

"मिळेल त्यावर मिटवा" हे मात्र मला पटत नाही. वस्तूसाठी दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. 2019 च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. या जानेवारीपासून सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्जही देता येतो. तक्रारीची मुदत, तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

वेळेबद्दल मात्र खरं ते सांगतो. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कलम 38 म्हणतं, वस्तू तपासायची असेल तर पाच. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि जास्त वेळ लागतो. पण त्याच कलमात अंतरिम आदेशाची सोय आहे. निकाल लागेपर्यंत पर्यायी फ्रिज द्या, असं मागता येईल. औषधाचं कारण असताना ते मागायलाच हवं.

मिरजेची_सई | 1 जून 2025

काका, माझाही प्रश्न इथेच विचारते. मी घरून उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या करून फ्रोझन विकते. डीप फ्रीझर वॉरंटीत आहे, 25 दिवसांपासून बंद. सर्व्हिसवाले म्हणतात, तुम्ही धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहकच नाही.

जुनी_वही | 1 जून 2025

ताई, अर्धं सांगितलं त्यांनी. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही हे बरोबर. पण कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात आहे की केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही. तुम्ही स्वतः राबता, हाच तुमचा चरितार्थ आहे, हे दाखवा. आणि वॉरंटीची जबाबदारी तर यापेक्षा वेगळी आहे. तुम्ही कायद्याच्या भाषेत ग्राहक असा वा नसा, त्यांनी दिलेलं वचन पाळलंच पाहिजे.

गणपतीच्या ऑर्डरी सुरू होण्याआधी पत्र टाका. आणि फुकट गेलेल्या मालाची आजच तारखेसकट यादी करून ठेवा.

नेकरकाठ | 2 जून 2025

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून. तुलनेसाठी सांगते. युरोपात 2021 पासून वॉशिंग मशीन, फ्रिज अशा वस्तूंचे ठरावीक सुटे भाग अनेक वर्षं उपलब्ध ठेवणं आणि मागणी आल्यावर 15 कामकाजाच्या दिवसांत पाठवणं उत्पादकांना बंधनकारक आहे. गेल्या वर्षी माझ्या मशीनचा पंप असाच आला, मी स्वतः बसवला. भारतात असा आकडा नियमात आला तर "48 तासांत अपडेट" हे उत्तरच संपेल.

कऱ्हाडकर | 2 जून 2025

आपल्याकडे 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. माहिती मिळते, पण स्वतंत्र कायदा अजून नाही आणि पार्ट किती दिवसांत द्यायचा हेही नाही. आम्हा डीलर लोकांनाही तो आकडा हवाय. कंपनीला दाखवायला आमच्याही हातात काहीतरी राहील.

भीमाकाठ | 10 जून 2025

धागा वर काढतोय. 30 मे ला पत्र गेलं, 2 जूनला 1915 वर नोंद केली. काल कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसातून फोन आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी नाव सांगून बोललं. प्रस्ताव असा: पैसे परत, पण सात महिन्यांच्या वापराचा घसारा 15 टक्के कापून. म्हणजे 5,775 रुपये वजा, हातात 32,725. "पॉलिसी आहे सर," म्हणाले.

आई म्हणते घेऊन टाक, किती दिवस काकूंना त्रास द्यायचा. तिचं म्हणणं टाळवत नाही, म्हणून विचारतोय.

जुनी_वही | 10 जून 2025

पॉलिसी कागदावर मागा. तुमच्या वॉरंटी कार्डावर घसारा कापू असं लिहिलंय का? नसेल तर खरेदीनंतर कंपनीने आपल्यापुरता केलेला नियम तुम्हाला बांधत नाही. आणि त्या सात महिन्यांतले जवळपास दोन महिने फ्रिज बंदच होता. बंद फ्रिजचा घसारा कसा धरला, हे त्यांना लेखी विचारा.

आयोग थोडाफार वापर धरू शकतो, हे लपवत नाही. पण त्याच तराजूत दुसऱ्या पारड्यात तुमची भरपाई आणि आईचा जिना येईल. आईंना सांगा, हे पत्र गेल्यावर दहा दिवस द्या, एवढंच. हे पैसे हक्काचे आहेत.

पाना_पक्कड | 10 जून 2025

कापून पैसे देतायत म्हणजे वरून मंजुरी मिळालेली आहे. आता फक्त घासाघीस चालू आहे. नवा पीस मागा, त्यांनाही पैशापेक्षा पीस देणं सोपं पडतं.

भीमाकाठ | 26 जून 2025

13 तारखेला घसारा नाकारल्याचं लेखी कळवलं. बंद फ्रिजच्या घसाऱ्याचा प्रश्न तसाच विचारला आणि आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा सोबत जोडला, अंतरिम आदेशाच्या अर्जासह. 21 ला मेल आला, त्याच मॉडेलचा नवा फ्रिज मंजूर, कपात नाही. काल संध्याकाळी आला. पहिल्या तक्रारीपासून 75 वा दिवस.

पोचवणाऱ्या मुलाने दारातच कोड मागितला. मी म्हटलं, बर्फ होऊ दे. सर्व्हिस सेंटरमधून दोन फोन आले, तरी दिला नाही. आज सकाळी ट्रे उलटा केला, खडे पडले, मग कोड सांगितला. आईने पेनं वर आणली. काकूंच्या डब्यात बेसनाचे लाडू भरून तो परत दिला.

एक गोष्ट राहिली आहे. बदलून दिल्याच्या पत्रात वॉरंटी "मूळ खरेदी दिनांकापासून" असं लिहिलंय. म्हणजे फ्रिज नवा, पण वॉरंटी या नोव्हेंबरमध्येच संपणार आणि बंद पडलेले 75 दिवस माझ्याच खात्यातून गेले. जुनी_वही काका, यावर काय लिहू?

जुनी_वही | 26 जून 2025

अभिनंदन, आणि आईंना नमस्कार सांगा. बदली वस्तूला नव्याने वर्षभर वॉरंटी मिळेल असं थेट सांगणारं कलम आपल्या कायद्यात नाही, त्यामुळे तसा दावा करू नका. निदान ते 75 दिवस पुढे जोडून द्या अशी मागणी करा. त्या काळात त्यांच्याच कसुरीमुळे तुम्हाला वस्तू वापरता आली नाही, हे कारण पुरेसं आहे. आणि कंप्रेसरची दहा वर्षं नव्या सिरियल नंबरवर चढवल्याचं लेखी घ्या, ते विसरू नका. नव्या फ्रिजचा नंबर जुन्या बिलावर नसतो आणि चार वर्षांनी नेमकं त्यावरूनच अडवतात.

पाना_पक्कड | 26 जून 2025

अगदी बरोबर. फ्रिजच्या आत डाव्या बाजूला किंवा मागे स्टिकर असतो, त्याचा आजच फोटो काढा. काही वर्षांत शाई उडते. आणि पहिल्या वर्षानंतरच्या कंप्रेसर वॉरंटीत बहुतेक वेळा फक्त कंप्रेसर फुकट असतो, गॅस आणि मजुरी नाही. तेही आत्ताच विचारून ठेवा.

मिरजेची_सई | 27 जून 2025

माझ्या पत्राला उत्तर आलं. फ्रीझरचा पीसीबी सोमवारी बसवणार म्हणतायत, तारीख लेखी दिली आहे. फुकट गेलेल्या मालाबद्दल एक अक्षर नाही. यादी 6,340 रुपयांची झाली आहे, ती आज पाठवली.

भीमाकाठ | 27 जून 2025

स्टिकरचा फोटो काढला. 75 दिवसांचं आणि कंप्रेसरचं पत्र आज दुपारी रजिस्टर पोस्टाने गेलं. उत्तर आलं की इथेच टाकतो. सईताई, सोमवारी काय झालं ते तुम्हीही कळवा.